झाकल्या बाटलीची परीक्षा

‘नावडतीचे मीठ अळणी’ ही म्हण आपण सर्वजण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिच्यात माणसाच्या जिभेविषयीचे एक शास्त्रीय विधान दडलेले आहे, याकडे मात्र आमचे लक्ष फार उशिरा गेले. आणि तेही स्वयंपाकघरात नव्हे, तर नाशिकला एका मित्राच्या घरी, जेवणाआधी मांडलेल्या सहा बाटल्यांपुढे. मीठ खरोखरच कमी पडले आहे की वाढणारी नावडती आहे, हे ठरवावयाचे तर उपाय एकच : कोणी रांधले हे न सांगता पान वाढावयाचे. वाइनच्या, म्हणजे द्राक्षाच्या मद्याच्या बाबतीत हा उपाय युरोपात फार दिवसांपासून रूढ आहे. बाटलीवरचे नाव झाकून, केवळ क्रमांकाने ती चाखावयाची आणि मत द्यावयाचे, याला तिकडे आंधळी परीक्षा म्हणतात. आमच्या मंडळीत तिला ‘झाकली बाटली’ असे नाव पडले आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, हे ठरलेलेच आहे. झाकली बाटली कितीची असते, ते येथे पाहू.

वसंत व्याख्यानमालेत मद्याचा विषय कसा, अशी शंका काही श्रोत्यांच्या मनात येईल, आणि ती रास्त आहे. आम्ही कोणाला पिण्याचा आग्रह करीत नाही. १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाप्रमाणे आपल्या राज्यात मद्यपानाला परवाना लागतो. तो आमच्या मंडळींनी काढलेला होता, एवढे सांगून हा भाग संपवतो. ज्यांना वाइनचे वावडे आहे त्यांनी वाइनच्या जागी हापूस आंबा वाचावा. काही बिघडणार नाही. देवगडचे नाव छापलेल्या पेटीतून कर्नाटकाचा आंबा घरोघर जातो आणि ‘शेवटी देवगड तो देवगड’ असे म्हणत लोक तो आवडीने खातात, हे आपण पाहतोच. त्या घरांत आंबा झाकून कोणी खात नाही. वाइनवाल्यांनी मात्र ही परीक्षा इतकी बारकाईने केली आहे की तिच्यापासून सर्वांनाच शिकता येईल, म्हणून हा विषय घेतला.

प्रसंग २०२३ च्या एप्रिलमधला. आमचे कॉलेजपासूनचे एक मित्र अभियंत्याच्या नोकरीतून निवृत्त होऊन नाशिकला गंगापूर रस्त्यावर स्थायिक झाले आहेत. नोकरीच्या निमित्ताने त्यांना तीन वर्षे फ्रान्समध्ये राहावे लागले आणि तेथून ते दोन गोष्टी घेऊन आले : चीजचा कंटाळा आणि वाइनची जाण. मंडळीत कोणीही बाटली आणली की ती आधी त्यांच्या हाती द्यावयाची, त्यांनी लेबल वाचावयाचे, पेला नाकाशी धरावयाचा, थोडे थांबावयाचे आणि मग निकाल द्यावयाचा, अशी वहिवाट पडून गेली होती. निकालावर अपील नसे. हीच गोष्ट आमच्या वकीलमित्रांना बरेच दिवस खुपत होती, आणि त्यांनीच त्या दिवशी बाटल्या झाकण्याची टूम काढली. यजमान प्रथम ‘कशाला हा पोरखेळ’ म्हणाले. पण आठांपैकी सातजण तयार आहेत असे पाहून गप्प बसले.

ही परीक्षा मांडावयाची कशी, ते थोडे तपशिलाने सांगतो, कारण सारा न्याय मांडणीत आहे. बाटली नुसती कागदात गुंडाळून भागत नाही. बोर्दोच्या बाटलीचे खांदे उंच असतात, बर्गंडीच्या बाटलीचे उतरते असतात, आणि ऱ्हाइन नदीच्या काठची बाटली उंच व सडसडीत असते. जाणत्याला कागदावरूनही आकार कळतो. म्हणून वाइन आधी एकसारख्या रिकाम्या बाटल्यांत ओतून घेणे उत्तम. ओतून क्रमांक चिकटवणारा एक असावा आणि पेल्यांत वाढणारा दुसरा असावा. कारण ज्याला उत्तर ठाऊक आहे त्याचा चेहरा ते सांगून टाकतो. पत्ते खेळणाऱ्यांना हे वेगळे सांगावयास नको. आमच्या येथे क्रमांक लावण्याचे काम यजमानांच्या सूनबाईंनी स्वयंपाकघरात दार लावून केले, यादी लिफाफ्यात बंद करून फ्रीजवर ठेवली, आणि वाढण्याचे काम पुतण्याकडे दिले. बाटली ७५० मिलिलिटरची असते. ५० मिलिलिटरप्रमाणे तिच्यातून १५ जणांना पुरते. तरीही सहा वेळा ५० म्हणजे ३०० झाले, आणि सहावा पेला येईपर्यंत परीक्षकच परीक्षेत नापास व्हावयाचा. यासाठी व्यावसायिक चाखणारे वाइन तोंडात घोळवून थुंकून टाकतात. आम्हीही मध्ये पिकदाणी ठेवली होती. तिचा उपयोग फक्त डॉक्टरांनी केला.

लाल वाइन खोलीच्या उष्णतेवर प्यावी असे पुस्तकांतून लिहिलेले असते. ती खोली युरोपातील थंड दगडी घराची, १६ ते १८ अंशांची, हे लिहावयाचे राहून जाते. एप्रिलातल्या नाशिकमध्ये ती अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावीच लागते, नाहीतर मद्यार्काचा उग्र वास बाकी सारे झाकून टाकतो. उदबत्ती, अत्तर, फोडणी यांना बंदी. वहिनींनी फोडणी परीक्षा संपल्यावरच घालण्याचे कबूल केले. मंडळीतल्या प्राध्यापिकाबाईंना मात्र मोगऱ्याचा गजरा काढून बाहेरच्या खोलीत ठेवावा लागला; त्याबद्दल त्या अजून बोलतात. तिखट तर आधी मुळीच नको. मिरचीने तोंड पेटले की वाइनचा तुरटपणा आणि मद्यार्काची जळजळ दुप्पट वाटते. साधी पोळी आणि पाणी, एवढेच समोर असावे. सर्वांत मोठा नियम असा की प्रत्येकाने आपले मत आधी कागदावर लिहावयाचे आणि मगच तोंड उघडावयाचे. एकाने ‘अहाहा’ म्हटले की इतर सातजणांची जीभ त्या ‘अहाहा’च्या मागून चालू लागते.

आणि एक लबाडी, जी सूनबाईंना वकिलांनी गुपचूप सांगून ठेवली होती : सहांपैकी दोन क्रमांकांत एकच वाइन भरावयाची.

सहाही वाइन लाल होत्या. दोन क्रमांकांना नाशिकचीच शिराज, एक नाशिकची काबर्ने, एक ऑस्ट्रेलियाची शिराज, एक कोपऱ्यावरच्या दुकानातली सर्वांत स्वस्त, आणि एक पुतण्याने ल्यों शहराहून आणलेली बर्गंडी, जिची किंमत बाकीच्या पाचांच्या बेरजेहून अधिक होती. पंचवीस मिनिटे खोलीत कोणी बोलले नाही. आमच्या मंडळीच्या इतिहासात हे प्रथमच घडले. मग कागद गोळा झाले, लिफाफा फुटला. एकच वाइन क्रमांक २ आणि क्रमांक ५ मध्ये होती. वकिलांनी २ ला पहिला नंबर दिला होता आणि ५ ला शेवटचा. आम्ही स्वतः ५ विषयी ‘भारदस्त’ आणि २ विषयी ‘पोकळ’ असे लिहिले होते. तो कागद आम्ही जपून ठेवला आहे. दोन्ही क्रमांक जवळजवळ ठेवणारे दोघेच निघाले. बर्गंडी एकूण गुणांत चौथी आली. हसणे पुष्कळ झाले. यजमानांचा कागद तेवढा कोरा होता. खाली फक्त सही. वकिलांना वाटले, त्यांनी आमच्या खेळाचा निषेध नोंदवला. त्या कागदाविषयी पुढे सांगू.

एकाच बाटलीतली वाइन एका पेल्यात भारदस्त आणि दुसऱ्या पेल्यात पोकळ का लागावी? याचे उत्तर शोधावयाचे तर आधी चव म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. आपल्या परंपरेत रस सहा : गोड, आंबट, खारट, तिखट, कडू आणि तुरट. आजचे शरीरशास्त्र जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसरसासारखी पाचवी ‘उमामी’, अशा पाच चवी देते. तिखट आणि तुरट यांना ते चवींत धरीत नाही. मिरचीतले द्रव्य उष्णता जाणणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते, म्हणून तिखटाने तोंड ‘भाजते’ हा शब्द अक्षरशः खरा आहे. तुरटपणा हा स्पर्श आहे : कच्चे केळे, सुपारी, जांभूळ किंवा लाल वाइन यांतली द्रव्ये लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ खरखरीत वाटते. वाइनच्या बाबतीत हा तुरटपणा द्राक्षाची साल आणि बी यांतून येतो. लाल वाइन सालीसकट आंबवतात, पांढरी नुसत्या रसाची करतात. म्हणून लाल तुरट आणि पांढरी बहुधा नाही.

पण एवढ्याने स्वाद होत नाही. स्वादाचा मोठा हिस्सा नाकाचा आहे. हे घरी पाहता येते. दोन बोटांनी नाक घट्ट दाबून बडीशेप चावावी. थोडे गोडसर, थोडे चोथट, एवढेच कळते. बडीशेप आहे असे कळत नाही. नाक सोडल्याबरोबर बडीशेप एकदम ‘येते’. तोंडातला वास घशामागच्या वाटेने नाकाच्या छपरापर्यंत चढतो आणि तेथे सुमारे चारशे प्रकारचे गंधग्राहक त्याची नोंद घेतात. मेंदू ही नोंद जिभेच्या नोंदीशी अशी काही शिवून टाकतो की सारे जिभेवरच घडले असे आपल्याला वाटते. ‘चव गेली’ असे सर्दी झालेला माणूस म्हणतो, तेव्हा बहुधा त्याची जीभ शाबूत असते. गेलेला असतो तो वास.

आणि या शिवणीत डोळा व कान यांचे धागेही असतात. २००१ साली बोर्दो येथील संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वाइनविद्येचे ५४ विद्यार्थी जमवून त्यांना आधी एक पांढरी व एक लाल वाइन वर्णनासाठी दिली. पांढरीला त्यांनी लिंबू, मध, फुले अशा जातीचे शब्द लावले, लालला काळ्या-तांबड्या फळांचे. पुढच्या वेळी तीच पांढरी वाइन दोन पेल्यांत दिली. मात्र एका पेल्यात वास नसलेला तांबडा रंग मिसळला होता. विद्यार्थ्यांनी त्या रंगीत पांढरीला लाल वाइनचे शब्द लावले. ही हकीकत सांगताना लोक ‘तज्ज्ञांना लाल-पांढरे कळत नाही’ असा डांगोरा पिटतात, तो अतिरेक आहे. त्या विद्यार्थ्यांना ‘ही लाल की पांढरी’ असे कोणी विचारलेच नव्हते. वासाचे वर्णन करा, एवढेच सांगितले होते. डोळ्यांनी आधी शब्द पुरवले आणि नाकाने ते निमूटपणे वापरले, इतकेच या प्रयोगातून निघते. आमच्या मते तेही थोडे नाही.

किमतीचेही तसेच. २००८ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २० माणसांना मेंदूची प्रतिमा घेणाऱ्या यंत्रात झोपवून नळीने वाइन पाजली आणि प्रत्येक घोटाबरोबर तिची किंमत सांगितली. एकच वाइन कधी ५ डॉलरची म्हणून तर कधी ४५ डॉलरची म्हणून दिली होती. महाग सांगितलेली अधिक आवडली, हे तर अपेक्षितच होते. नवल असे की सुखद अनुभवाच्या वेळी मेंदूचा जो भाग अधिक काम करतो, तोही महाग किमतीबरोबर अधिक काम करीत होता. म्हणजे ती माणसे शिष्टाचाराने खोटे बोलत नव्हती. त्यांना ती वाइन त्या क्षणी खरोखरीच अधिक चांगली लागत होती. नावडतीचे मीठ अळणी म्हणणारा नवराही, या हिशेबाने, खोटे बोलत नसतो. त्याला ते अळणीच लागते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात किमती झाकून केलेल्या सहा हजारांहून अधिक चाखण्यांचा हिशेब होता. त्यात सामान्य माणसांना महाग वाइन अधिक आवडली नाही, किंचित कमीच आवडली.

झाकल्या बाटलीने जगात सर्वांत मोठा गोंधळ उडवला तो २४ मे १९७६ या दिवशी पॅरिसमध्ये. स्टीव्हन स्परियर नावाच्या एका इंग्रज गृहस्थाचे तेथे वाइनचे दुकान होते. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला त्या वर्षी दोनशे वर्षे पूर्ण होत होती. त्या निमित्ताने त्याने कॅलिफोर्नियाच्या वाइन आणि फ्रान्सच्या नामांकित वाइन एकत्र, नावे झाकून, फ्रान्सच्याच नऊ जाणत्या परीक्षकांपुढे ठेवल्या. पांढऱ्यांत सहा कॅलिफोर्नियाच्या, चार बर्गंडीच्या; लाल वाइनमध्ये सहा कॅलिफोर्नियाच्या, चार बोर्दोच्या. फ्रान्सच जिंकणार याविषयी कोणाला शंका नसल्यामुळे वार्ताहर फक्त एकच आला, ‘टाइम’ साप्ताहिकाचा जॉर्ज टेबर. त्याने लिहून ठेवले आहे की एका परीक्षकाने घोट घेऊन समाधानाने आपण पुन्हा फ्रान्सला आलो असे उद्गार काढले, तेव्हा त्याच्या पेल्यात कॅलिफोर्नियाची वाइन होती. आणि दुसऱ्याने हिला वासच नाही, ही नक्की कॅलिफोर्नियाची, असे म्हणून ज्या पेल्याला नाक मुरडले, तो बर्गंडीतल्या अत्यंत प्रतिष्ठित मळ्याचा निघाला. निकालात पांढऱ्यांत शातो माँटेलेना आणि लालमध्ये स्टॅग्ज लीप या कॅलिफोर्नियाच्या, दोन्ही १९७३ सालच्या, पहिल्या आल्या. एका परीक्षक बाईंनी आपले गुणपत्रक परत मागितले, असे सांगतात.

या निकालाचा अमेरिकेत जो जयघोष झाला तो आम्हाला फ्रान्समधल्या सुतकाइतकाच अस्थानी वाटतो. लाल वाइनमध्ये पहिली आणि दुसरी यांच्या सरासरी गुणांत वीसांपैकी एका गुणाच्या दहाव्या हिश्शाचाही फरक नव्हता. शिवाय पांढऱ्यांचा निकाल लाल चाखण्याच्या आधीच जाहीर झाला होता, म्हणजे अर्ध्या परीक्षेत परीक्षकांच्या मनावर पहिल्या निकालाचे ओझे होते. आमच्या सूनबाईंनी असे होऊ दिले नसते. पण एक गोष्ट त्या दिवसाने कायमची केली : चांगली वाइन विशिष्ट देशातच होते, हा समज मोडला. दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका येथील मळ्यांना धीर आला. आपल्याकडे १९८० नंतर नारायणगावला आणि १९९० नंतरच्या दशकाअखेरीस नाशिकला वाइनसाठी द्राक्षे लावली जाऊ लागली. येथे वेलीला थंडीत झोप नसते; एप्रिलमध्ये एक छाटणी आणि पावसाळा सरताना दुसरी, असे करून फ्रान्समध्ये सप्टेंबरात येणारे पीक आपण जानेवारी ते मार्चमध्ये काढतो. हे धाडस करणाऱ्यांच्या मनात पॅरिसची गोष्ट नसेल असे आम्हाला वाटत नाही.

परीक्षकांची परीक्षा करण्याचे श्रेय मात्र रॉबर्ट हॉजसन या निवृत्त प्राध्यापकांना द्यावयास हवे. सागरविज्ञान शिकवून झाल्यावर ते कॅलिफोर्नियात लहानसा वाइनचा उद्योग चालवीत. त्यांचीच वाइन एका स्पर्धेत सुवर्णपदक मिळवी आणि दुसऱ्या स्पर्धेत रिकाम्या हाताने परत येई, याचे त्यांना कोडे पडले. त्यांनी राज्याच्या वार्षिक स्पर्धेच्या चालकांची संमती मिळवली आणि सुमारे तीस पेल्यांच्या रांगेत एकाच बाटलीतली वाइन तीन ठिकाणी दडवली. चार वर्षांचा हिशेब २००८ साली प्रसिद्ध झाला : तिन्ही पेल्यांना एकाच पदकाच्या पायरीत ठेवू शकणारे परीक्षक दहांत एक. आमच्या वकीलमित्रांना आम्ही हे दुसऱ्या दिवशी कळवले, तेव्हा त्यांना पुष्कळ बरे वाटले.

मग सारे तज्ज्ञ भोंदू आहेत काय? नाही. लंडनच्या ‘मास्टर ऑफ वाइन’ या परीक्षेत उमेदवारासमोर ३६ अनोळखी पेले, बारा-बारांच्या तीन प्रश्नपत्रिकांत ठेवतात, आणि माणसे ती उत्तीर्ण होतात. ती चवीने ‘ओळखत’ नाहीत, वैद्याने नाडीवरून निदान करावे तशी पायरीपायरीने निदान करतात. आंबटपणा जास्त, तर मुलूख थंड असावा. मद्यार्क जास्त, तर ऊन भरपूर. ढोबळ्या मिरचीचा वास येतो, तर काबर्ने किंवा तिच्या नात्यातले द्राक्ष. कारण ढोबळ्या मिरचीत जे द्रव्य आहे तेच त्या द्राक्षात आहे. या लोकांचीही चूक होते, आणि त्यांतले मोठे ती कबूल करतात. हॅरी वॉ या जुन्या इंग्रज वाइन-व्यापाऱ्यांना कोणी विचारले की बोर्दो आणि बर्गंडी यांत तुमची गफलत शेवटची कधी झाली. ते म्हणाले, आज दुपारच्या जेवणानंतर अजून नाही. शिवाय प्रत्येकाचे नाक वेगळे असते. शिराजमध्ये मिऱ्याचा वास येतो, तो ज्या द्रव्यामुळे, ते ऑस्ट्रेलियात २००८ साली सापडले. मिऱ्यातही तेच असते. पाच माणसांतल्या एकाला ते मुळीच येत नाही. तेव्हा शिराजवरून दोन मित्र भांडत असतील तर दोघेही खरे बोलत असण्याचा संभव आहे.

राहता राहिला योगायोग. एखाद्याने बरोबर ओळखले, तर त्याला कळले म्हणून, की नशिबाने? या प्रश्नाचे उत्तर वाइनने नव्हे, चहाने दिले. इंग्लंडातील रॉदमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रात १९२० नंतरच्या दशकात रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञांनी म्युरिएल ब्रिस्टल या शैवालांचा अभ्यास करणाऱ्या बाईंना चहा देऊ केला. बाईंनी तो नाकारला, कारण कपात आधी चहा आणि मग दूध घातले होते. दूध आधी घातलेला चहा वेगळा लागतो असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडे दोन्ही एकत्रच उकळत असल्यामुळे हा वाद उद्भवलाच नसता आणि संख्याशास्त्राचे नुकसान झाले असते. फिशरनी १९३५ च्या आपल्या पुस्तकात हा प्रयोग मांडला : आठ कप, चार असे, चार तसे, क्रम उलटसुलट. आठांतून चार निवडण्याचे प्रकार ७०. म्हणून केवळ अंदाजाने सर्व बरोबर येण्याची शक्यता ७० त १. सहा कप असते तर ती २० त १ झाली असती, आणि एवढ्यावर कोणी शहाण्याने पैज हरल्याचे कबूल करू नये. वाइनवाल्यांचा याहून सोपा प्रकार तीन पेल्यांचा आहे : दोन पेले एकाच वाइनचे, तिसरा वेगळा; वेगळा कोणता ते सांगावयाचे. अंदाजाने ३ त १ वेळा जमते. सलग तीनदा जमले तर ती शक्यता २७ त १.

आता त्या कोऱ्या कागदाकडे वळतो.

जेवणे झाल्यावर मंडळी अंगणात बसली होती. वकील अजून यजमानांना छेडीत होते : “अरे, निदान एक तरी नंबर लिहायचास. घाबरलास की काय?” यजमान हसले, काही बोलले नाहीत. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “भावोजी, त्यांना वास येत नाही. दोन वर्षे झाली. २०२१ ला करोना झाला तेव्हापासून. समोर दूध करपलं तरी कळत नाही.” अंगणात कोणाला काय बोलावे ते सुचेना. दोन वर्षे आम्ही त्यांच्या हाती बाटल्या देत होतो, ते लेबल वाचीत होते, पेला नाकाशी धरून नेहमीइतकेच थांबत होते आणि आठवणीतून निकाल देत होते. आणि निकाल बरोबर असत, कारण लेबल बरोबर असे. यजमान शेवटी म्हणाले, “बाटली उघडी होती तोवर निभावलं. झाकल्यावर काहीतरी लिहून टाकता आलं असतं. तुम्हा कोणाला पत्ता लागला नसता. पण मग पुढंही लिहीतच राहिलो असतो.” वकिलांनी आपली खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि त्या रात्री ते पुन्हा थट्टेचे बोलले नाहीत.

त्या रोगात वासाच्या पेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशी बाधित होतात; बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परत येतो, काहींचा वर्षानुवर्षे येत नाही. डॉक्टरांनी तेथेच एक उपाय सांगितला. तो औषधाचा नाही, सरावाचा आहे. जर्मनीत ड्रेस्डेन येथील संशोधकांनी २००९ साली तो प्रसिद्ध केला : गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग या चार वासांच्या कुप्या घ्यावयाच्या, रोज सकाळी व रात्री प्रत्येक कुपी थोडा वेळ हुंगावयाची, आणि हुंगताना तो वास आठवावयाचा. निदान बारा आठवडे. सर्वांना गुण येतो असे नाही. न करणाऱ्यांपेक्षा करणाऱ्यांत अधिकांना आला. चारही वस्तू घरात होत्याच. निलगिरीचे तेल सर्दीसाठी, गुलाबाचे अत्तर हळदीकुंकवासाठी. वहिनींनी जुन्या होमिओपथीच्या कुप्या धुऊन त्यांत भरून दिल्या. आमच्या मित्रांनी अभियंत्याच्या शिस्तीने वही घातली, दिवसाला दोन नोंदी. सहा महिने प्रत्येक पानावर चार शून्ये होती. मग एके सकाळी लवंगेच्या रकान्यात शून्याच्या जागी प्रश्नचिन्ह आले. निलगिरीचे त्यानंतर दोन महिन्यांनी. लिंबू अजून नाही.

२०२४ च्या डिसेंबरात त्यांनी आपण होऊन तीन पेल्यांची परीक्षा मागितली. सूनबाईंनी मांडली, नियम तेच. दोन शिराज आणि एक काबर्ने, क्रम दर वेळी बदललेला, तीन फेऱ्या. पहिल्या फेरीत त्यांनी वेगळा पेला बरोबर उचलला, दुसरीत चुकले, तिसरीत पुन्हा बरोबर. वकील उठून त्यांच्या पाठीवर थाप मारणार, तोच त्यांनी हात वर करून थांबवले आणि लिफाफ्याच्या पाठीवर पेन्सिलीने गणित मांडले. तिनांपैकी निदान दोन वेळा नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता २७ त ७.

“नाक नसलेल्या चौघांतल्या एकाला एवढं जमतं,” ते म्हणाले, “पुढच्या महिन्यात नऊ फेऱ्या करू,” आणि पेले विसळण्यासाठी स्वतःच आत घेऊन गेले.